पजेरो स्पोर्टच्या बॅलन्स शाफ्टची बुशं बदलली: कुर्ल्याच्या चाचांच्या गॅरेजचा अनुभव

माझी गाडी २०१३ ची मित्सुबिशी पजेरो स्पोर्ट. अडीच लिटर डिझेल, पाच गिअरची मॅन्युअल. मी ती सेकंडहँड घेतली आणि आता काटा दोन लाखांच्या पुढे गेलाय. या इंजिनात थरथर मारणारे दोन बॅलन्स शाफ्ट, म्हणजे फिरते दांडे, असतात. त्यांची बुशं, म्हणजे हे शाफ्ट ज्यांत फिरतात त्या धातूच्या कड्या, बदलण्याचं काम मी कुर्ल्यात सीएसटी रोडवरच्या एका गॅरेजमध्ये करून घेतलं. काम उत्तम झालं, गाडी पुन्हा गुळगुळीत चालते आणि पैसे वसूल झाले. पण हे काम करून घेताना मला मुंबईत इतके उलटसुलट सल्ले मिळाले की जरा खोलात जाऊन लिहिते. पजेरो, जुनी अकॉर्ड किंवा असं एखादं मोठं चार सिलिंडरचं इंजिन ज्यांच्याकडे आहे, त्यांच्या कामी येईल.

तक्रार अशी होती. सिग्नलला उभी असताना गाडी ठीक. गावातल्या गावात, मुलुंड ते अंधेरी, काही जाणवायचं नाही. पण ईस्टर्न फ्रीवेवर किंवा अटल सेतूवर चढलं आणि टॅकोमीटरचा काटा अडीच हजारांच्या वर गेला की एक बारीक, घट्ट थरथर सुरू व्हायची. सीटच्या खालून, पेडलमधून, स्टिअरिंगमधून. तिच्यासोबत एक घुमणारा आवाज. तासाभरात तळहात बधिर व्हायचे. आई-बाबांना घेऊन चिपळूणला जाते तेव्हा मागच्या सीटवर बाबांची पाठ त्या थरथरीने दुखायला लागायची आणि ते काही बोलायचे नाहीत. फक्त दर थोड्या वेळाने "चहाला थांबूया का" म्हणायचे.

मी साउंड रेकॉर्डिस्ट आहे. आवाज ऐकणं हे माझं पोटापाण्याचं काम. त्यामुळे "जुनी डिझेल आहे, एवढं चालायचंच" हे मला पटण्यासारखं नव्हतं. गाडी घेतली तेव्हा तो आवाज नव्हता, हे मला नक्की माहीत होतं.

घराजवळच्या एका गॅरेजने आधी इंजिनाची माउंटिंगं बदलली. त्याने आयडलवरची थोडीफार हालचाल कमी झाली, हायवेवरची थरथर तशीच. मग इंजेक्टर काढून साफ केले. मग चाकांचं बॅलन्सिंग. पैसे जात राहिले. शेवटी तिथल्या माणसाने सांगितलं, "मॅडम, बॅलन्सरचा छोटा बेल्ट काढून टाकू, सगळ्यांचा काढतो." हा सल्ला मला आणखी दोन-तीन ठिकाणी मिळाला. त्याबद्दल पुढे बोलते, कारण मूळ मुद्दा तोच आहे.

आधी बॅलन्स शाफ्ट कशाला असतात ते. चार सिलिंडरच्या इंजिनात दोन पिस्टन वर जात असतात तेव्हा दोन खाली येत असतात. वरवर पाहता हिशेब बरोबर जुळतो. पण पिस्टनला क्रँकशी (पिस्टनच्या जोरावर फिरणाऱ्या मुख्य दांड्याशी) जोडणारा कनेक्टिंग रॉड फिरताना तिरका होतो, आणि त्यामुळे क्रँकच्या वरच्या अर्ध्या फेरीत पिस्टन जास्त अंतर कापतो, खालच्या अर्ध्या फेरीत कमी. वरचे दोन आणि खालचे दोन एकमेकांना पुरते खोडून काढत नाहीत. उरलेला जोर इंजिनाला उभ्या दिशेत हलवतो, क्रँकच्या एका फेरीत दोनदा. इंजिन लहान असेल तर हा जोर माउंटिंगचं रबर पचवतं, म्हणूनच आपल्याकडच्या बहुतेक लहान चार सिलिंडर गाड्यांत बॅलन्स शाफ्ट नसतातच. दोन लिटरच्या वर पिस्टन जड होतात, स्ट्रोक लांब होतो, आणि शिवाय हा जोर आरपीएमच्या वर्गाने वाढतो. आरपीएम दुप्पट झाला तर थरथर चौपट. त्यामुळे सिग्नलला गाडी शांत आणि सेतूवर अस्वस्थ.

याच्यावरचा उपाय फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज इंजिनिअरने विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच काढला होता. इंजिनात दोन शाफ्ट बसवायचे, प्रत्येकाच्या एका बाजूला जास्तीचं वजन ठेवायचं, आणि ते एकमेकांच्या उलट दिशेने, क्रँकच्या दुप्पट वेगाने फिरवायचे. आडवे जोर एकमेकांना मारतात, उभे जोर एकत्र येऊन पिस्टनच्या उरलेल्या जोराला मारतात. ही कल्पना आधुनिक गाड्यांत खऱ्या अर्थाने आणली ती मित्सुबिशीने, १९७५ च्या सुमारास, ॲस्ट्रॉन इंजिनांवर 'सायलेंट शाफ्ट' नावाने. त्यांनी दोन शाफ्ट वेगवेगळ्या उंचीवर बसवले. पोर्शेने ९४४ साठी हेच तंत्र मित्सुबिशीकडून लायसन्सवर घेतलं. माझ्या पजेरो स्पोर्टचं ४डी५६ हे इंजिन त्याच ॲस्ट्रॉन घराण्यातलं. ज्या कंपनीने ही गोष्ट जगाला पुन्हा शिकवली तिच्याच इंजिनातून ती काढून टाका म्हणणारा सल्ला माझ्या गळी उतरेना.

कुर्ल्याच्या गॅरेजचा पत्ता मला आमच्या स्टुडिओतल्या एका ड्रायव्हरदादांनी दिला. मिठी नदीच्या पुलाच्या अलीकडे, काचवाल्यांच्या आणि सीटकव्हरवाल्यांच्या दुकानांमागे एक गल्ली आत जाते. पाटी नाही. "पजेरोवाले चाचा" म्हणून विचारलं की कुणीही दाखवतं. चाचा दापोलीकडचे. साठीच्या आसपासचे, गॅरेजमध्ये हिंदी बोलतात पण कोकणातलं माणूस दिसलं की लगेच मराठीवर येतात. जागा छोटी, तीन गाड्या कशाबशा मावतात. भिंतीवर चेन ब्लॉक, कोपऱ्यात लाकडी पेटी. त्या पेटीत डायल गेज, बोअर गेज आणि मायक्रोमीटर तेलकट फडक्यात गुंडाळून ठेवलेले. मी आत पाऊल टाकल्यावर मला विश्वास वाटला तो या पेटीमुळे. आधीच्या कुठल्याच गॅरेजमध्ये मला मोजायचं हत्यार दिसलं नव्हतं.

चाचांनी बॉनेट उघडण्याआधी मला विचारलं, "ताई, थरथर कधी येते? चढावावर जास्त येते का उतारावर?" मी म्हटलं, दोन्हीकडे सारखीच. मग त्यांनी गाडी न्यूट्रलमध्ये उभी ठेवली आणि मला हळूहळू रेस द्यायला सांगितलं. अडीच हजारांच्या पुढे तीच थरथर, जागेवर उभ्या गाडीत. मग क्लच दाबून पुन्हा तेच. फरक नाही.

"गाडी उभी आहे, म्हणजे चाक नाही, प्रोपेलर शाफ्ट नाही. क्लच दाबला तरी आहे, म्हणजे गिअरबॉक्स नाही. लोड नाही तरी आहे, म्हणजे फायरिंगचं नाही. वजनाचं आहे."

(फायरिंग म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल पेटणं.) एवढं निदान दोन मिनिटांत आणि एकही नटबोल्ट न खोलता. मी माझा कामाचा रेकॉर्डर घेऊनच गेले होते. सीटच्या लोखंडी पट्टीवर कॉन्टॅक्ट माइक चिकटवला आणि २६०० आरपीएमवर रेकॉर्ड करून लॅपटॉपवर स्पेक्ट्रम, म्हणजे कुठल्या कंपनसंख्येला किती जोर आहे त्याचा आलेख, काढला. ८७ हर्ट्झच्या आसपास एक उंच सुळका. २६०० आरपीएम म्हणजे सेकंदाला त्रेचाळीस फेऱ्या आणि वर थोडं; त्याची दुप्पट म्हणजे बरोबर ८७. चार सिलिंडरचं फायरिंगही क्रँकच्या फेरीला दोनदाच होतं, त्यामुळे नुसता हा सुळका पाहून काही सिद्ध होत नाही. पण लोड नसताना तो जवळजवळ तेवढाच उंच राहिला, तेव्हा चाचांचं म्हणणं खरं ठरलं. त्यांनी स्क्रीनकडे नीट पाहिलं, काय कशाला म्हणतात ते मला विचारलं आणि म्हणाले, "काम झाल्यावर परत काढा. मला पण बघायचंय."

दुसरी तपासणी ऑइल प्रेशरची. डॅशबोर्डवरचा लाल दिवा अगदी शेवटच्या घटकेला लागतो, त्यावर भरवसा ठेवून उपयोग नाही. चाचांनी ऑइल स्विच काढून तिथे काट्याचा गेज लावला आणि इंजिन पूर्ण तापेपर्यंत चालू ठेवलं. गरम आयडलवर काटा हवा त्यापेक्षा खाली. बॅलन्स शाफ्टची बुशं झिजली की शाफ्ट आणि बुश यांच्यातली फट वाढते, तिथून ऑइल मोकळं वाहून जातं आणि बाकी इंजिनाला दाब कमी पडतो. थरथर आणि घटलेलं प्रेशर हे दोन्ही एकत्र दिसलं तेव्हा त्यांनी स्पष्ट सांगितलं की बुशं गेलीत, इंजिन उतरवावं लागेल.

मी छोट्या बेल्टचा विषय काढला. बेल्ट काढून टाकला तर काय? चाचांनी त्या सल्ल्याची टिंगल केली नाही, आणि ते मला आवडलं. त्यांनी सांगितलं की मेकॅनिक लोकांच्या मनात भीती असते आणि ती खोटी नाही. या इंजिनात मुख्य टायमिंग बेल्टच्या मागे बॅलन्स शाफ्टचा छोटा बेल्ट असतो. तो तुटला तर त्याचे तुकडे मुख्य बेल्टमध्ये अडकू शकतात, मुख्य बेल्ट सुटतो, व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि मग लाखाच्या घरात खर्च. म्हणून ते बेल्टच काढतात. पण नुसता बेल्ट काढला की शाफ्ट थांबतात आणि झिजलेली बुशं तिथेच राहतात, त्यांच्या भोकांतून ऑइल गळतच राहतं. ती भोकं नीट बंद करायची तरी इंजिन खोलावंच लागतं. म्हणजे इंजिन खोलण्याचा खर्च करून वर आयुष्यभराची थरथर विकत घ्यायची. रेसिंगवाले लोक शाफ्ट काढतात ते थोडी ताकद वाचावी म्हणून, त्यांना थरथरीचं काही वाटत नाही. बाबांना मागे बसवून कशेडीकडे निघालेल्या माणसाला त्याचा काय उपयोग?

इंजिन खोलल्यावर चाचांनी मला बोलावून घेतलं. "फोटो नको, स्वतः या." मी स्टुडिओतून सुटून गेले. पुढचं कव्हर काढलेलं, चेंबर (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) उतरवलेलं. छोट्या बेल्टची एक कड फाटून धागे बाहेर आलेले. पुलींवरच्या खुणा जुळत नव्हत्या, बेल्ट दाते सोडून पुढे सरकला होता. शाफ्टवरचं वजन ज्या क्षणी खाली असायला हवं तेव्हा ते भलतीकडेच होतं, त्यामुळे शाफ्ट थरथर मारण्याऐवजी काही अंशी वाढवत होते. माझ्या मनात आलं, बेल्ट नवा टाकला तर काम भागेल का? मी विचारण्याआधीच चाचांनी एका शाफ्टचं टोक दोन बोटांत धरलं आणि वरखाली हलवलं. टक्‌, टक्‌. लोखंडाचा तो आवाज मी कधी विसरणार नाही. "हा खेळ आहे तोपर्यंत पुली डुलणार, पुली डुलली की बेल्टची कड खाणार. नवा टाकला तर काही महिने छान चालेल. मग परत हेच."

बुशं काढली तेव्हा त्यांनी एक माझ्या तळहातावर ठेवलं. वाटीच्या कडेएवढी, पातळ, गोल पट्टी. आतला करडा, मऊ थर वरच्या अर्ध्या भागात अजून गुळगुळीत होता. खालच्या अर्ध्यात तो पार उडून तांबूस धातू उघडा पडला होता आणि त्यावर नखाने जाणवतील अशा रेषा होत्या. त्या रेषा म्हणजे जुन्या, घाण ऑइलमधले कण. बुश आणि शाफ्टमधली फट मिलीमीटरच्या शंभराव्या भागांत मोजायची असते आणि तेवढ्या फटीत ऑइलचा एक पापुद्रा शाफ्टला अधांतरी धरून ठेवतो. क्रँक २६०० वर असतो तेव्हा हे शाफ्ट ५२०० वर फिरत असतात. ऑइल वेळेवर बदललं नाही तर इंजिनात पहिल्यांदा मरणाऱ्या भागांत ही बुशं असतात. आधीच्या मालकाच्या सर्व्हिस बुकमध्ये मधली पानं कोरी आहेत. इंजिनाचा यात काही दोष नाही.

शाफ्ट मात्र वाचले होते. चाचांनी ते लेथवाल्याकडे पाठवून डायल गेजवर फिरवून पाहिले, वाकले नव्हते. जर्नलवर, म्हणजे शाफ्टच्या बुशात फिरणाऱ्या भागावर, हलके ओरखडे होते, ते पॉलिशने गेले, माप बिघडलं नाही. त्यामुळे स्टँडर्ड मापाचीच बुशं चालली. ती आम्ही ऑपेरा हाऊसच्या स्पेअर मार्केटमधून घेतली. चाचांनी मला इंजिन नंबर आणि पार्ट नंबर कागदावर लिहून दिला आणि बजावलं की डब्यावरचा नंबर जुळल्याशिवाय पैसे देऊ नका. एका दुकानाने "हेच लागतं, सगळे हेच नेतात" म्हणत दुसरं काहीतरी पुढे केलं होतं, तेव्हा तो कागद कामी आला.

आता या सगळ्या कामातली खरी मेख. नवं बुश ब्लॉकमध्ये ठोकून बसवायचं नसतं, ओढून दाबून बसवायचं असतं, आणि बुशावरचं ऑइलचं भोक ब्लॉकमधल्या भोकाच्या तंतोतंत समोर यायला हवं. जरा फिरलं तर ऑइल अर्धवट येणार आणि नवं बुश काही हजार किलोमीटरमध्ये भाजून निघणार. बाहेरून काही दिसत नाही, इंजिन बांधल्यावर तर नाहीच. चाचांनी मागचं बुश बसवण्याआधी ब्लॉकच्या भोकाच्या रेषेत मार्करने खूण केली. लांब बोल्ट, वॉशर आणि जाड पाइपाचा तुकडा यांचं स्वतः बनवलेलं पुलर लावून बुश हळूहळू आत ओढलं. मग टॉर्च मारून आत पाहिलं, बारीक तांब्याची तार ऑइलच्या वाटेतून घालून ती बुशाच्या आत निघते का ते पाहिलं. तार बाहेर आली. तरी समाधान नाही. वरून हवा मारली आणि बुशाच्या आत बोट धरून हवेचा झोत लागतो का ते तपासलं. हेच प्रत्येक बुशाला. त्यांच्या हाताखालचा मुलगा घाई करत होता, त्याला त्यांनी शांतपणे बाजूला केलं. मग बोअर गेजने आतलं माप, मायक्रोमीटरने शाफ्टचं माप, आणि दोन्हींतला फरक भिंतीवरच्या पाटीवर खडूने लिहिला. मला वजाबाकी करायला लावली.

शाफ्ट आत सरकवल्यावर ते हाताने फिरवून पाहिले. एका बोटाने फिरत होते, पण वरखाली हलत नव्हते. बेल्ट चढवताना ब्लॉकच्या कडेचा एक बोल्ट काढून त्या भोकातून स्क्रूड्रायव्हरचा दांडा आत घातला, म्हणजे शाफ्ट जागच्या जागी अडकून राहतो आणि खुणा जुळवताना हलत नाही. या पायरीकडे दुर्लक्ष झालं आणि शाफ्ट अर्धी फेरी चुकीचा बसला तर बॅलन्स शाफ्ट असून नसल्यापेक्षा वाईट, थरथर उलट वाढते. ज्यांच्या गाडीत टायमिंगचं काम झाल्यानंतर अचानक थरथर सुरू झाली असेल, त्यांनी सगळ्यात आधी हेच तपासून घ्यावं. त्यासाठी इंजिन उतरवावं लागत नाही.

दोन्ही बेल्ट, ते ताणून धरणारे दोन्ही टेन्शनर, पुढची सगळी ऑइल सीलं नवी टाकली. वॉटर पंपही हातासरशी बदलून घेतला. चाचांनी ऑइल पंपही उघडून मोजला. तो ठीक निघाला, म्हणून तोच ठेवला. "ठीक आहे तर कशाला बदलायचा?" हे वाक्य मुंबईतल्या गॅरेजमध्ये मी पहिल्यांदाच ऐकलं.

खर्च सांगते, कारण मी शोधत होते तेव्हा कुणी सांगत नव्हतं. बुशांचा संच ₹६,४००. बेल्ट, टेन्शनर, सीलं आणि वॉटर पंप मिळून ₹१७,०००. लेथचं काम ₹३,५००. इंजिन उतरवणं, खोलणं, बांधणं आणि चढवणं यांची मजुरी ₹२२,०००. वर ऑइल, फिल्टर, कूलंट. सगळं धरून साठ हजारांच्या आत. मोठ्या वर्कशॉपमध्ये मी विचारलं होतं, तिथे बुशं वेगळी बदलायला कुणी तयारच नव्हतं, अर्धं इंजिन बदलायचा अंदाज दिला होता.

पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा चाचांनी आधी इंजिन नुसतं स्टार्टरवर फिरवून घेतलं, प्रेशर गेजचा काटा वर आल्यावरच सुरू होऊ दिलं. गरम आयडलवर काटा या वेळी जिथे हवा तिथे थांबला. मग आम्ही दोघं गाडी घेऊन बीकेसीतून फिरून आलो. २६०० वर मी पुन्हा माइक लावला. ८७ हर्ट्झचा सुळका जवळपास बारा डेसिबलने खाली. म्हणजे थरथरीचा झोका एक-चतुर्थांशावर आला. फायरिंगचा भाग उरणारच, तो डिझेलचा धर्म आहे. चाचांनी दोन्ही आलेख शेजारी शेजारी बघितले, फोनवर त्यांचा फोटो काढून घेतला आणि हाताखालच्या मुलाला बोलावून दाखवला.

अटल सेतूवर शंभरच्या वेगात आता मला टायरचा आवाज ऐकू येतो, आणि वाऱ्याचा. आधी तो त्या घुमण्याखाली दबलेला असायचा. स्टिअरिंगवर हात मोकळे राहतात. चिपळूणला गेलो तेव्हा बाबा कोलाडपर्यंत झोपले होते. ॲव्हरेज मात्र पहिल्याइतकंच आहे, ताकदही तेवढीच. त्या आशेने कुणी हे काम करायला जाऊ नये.

गॅरेजच्या उण्या बाजूही सांगायला हव्यात. सांगितलेल्या दिवशी गाडी मिळाली नाही, बरीच जास्त वाट पाहावी लागली. लेथवाल्याकडे रांग होती हे खरं, पण फोन मीच करायचा, तिकडून येत नाही. खर्चाचा अंदाज लेखी मिळत नाही. मी आग्रहाने कागदावर लिहून घेतला आणि शेवटचा आकडा त्याच्या जवळच आला. स्कॅनर त्यांच्याकडे नाही, त्यामुळे सेन्सर किंवा इलेक्ट्रिकल तक्रार असेल तर हे ठिकाण नाही. सीटवर आणि दाराच्या पॅडवर ग्रीसचे डाग पडले होते, ते मला घरी काढावे लागले. गाडी द्यायच्या आधी आत जुनी चादर घालून ठेवा.

पावसाळ्यात हे काम काढू नका. मिठीच्या जवळची ती गल्ली जोराच्या पावसात तुंबते, आणि उघडं इंजिन जमिनीवर असताना पाणी आत यायला नको. चाचा स्वतःच जून ते सप्टेंबर मोठी कामं घेत नाहीत.

काम झाल्यावर त्यांनी दिलेल्या सूचना: पहिले हजार किलोमीटर काटा तीन हजारांच्या वर नेऊ नये, मग ऑइल आणि फिल्टर बदलून जुनं ऑइल स्वच्छ भांड्यात काढून त्यात धातूची चमक दिसते का ते पाहावं. माझ्या ऑइलमध्ये काही दिसलं नाही. त्यानंतर ऑइल मी पाच हजारांवर बदलते, कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच. पुढच्या वेळी टायमिंग बेल्ट बदलताना छोटा बेल्टही सोबत बदलायचा, तो वरून धडधाकट दिसला तरी.

जायचं असेल तर सकाळी अकराच्या आत जा, चाचा स्वतः गाडी तपासतात. दुपारनंतर ते स्पेअर आणायला बाहेर असतात आणि शुक्रवारी दुपारी नमाजसाठी गॅरेज बंद असतं. इंजिन गार असताना नेऊ नका, चालवत न्या. ऑइल प्रेशर त्यांना गरम इंजिनावरच बघायचं असतं.